एरोजेलचा धागा: पोकळी राखायची की भरायची?

माण, आटपाडी, जत या पट्ट्यातली घोंगडी ऊब देते ती लोकरीच्या केसांमध्ये अडकून बसलेल्या हवेमुळे. लोकरीचं काम एवढंच, की तिनं त्या हवेला हलू देऊ नये. दख्खनी मेंढीच्या जाड, राठ लोकरीत केसाच्या आतही पोकळसर गाभा असतो, म्हणजे थोडी हवा तिथेही कोंडलेली असते. थांबलेल्या हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. हा आकडा जितका लहान तितकी उष्णता हळू जाते. साधं सुती कापड ०.०५ ते ०.०७ च्या दरम्यान येतं, लोकरीचं त्याहून थोडं खाली. स्वेटर, गोधडी, रजई, पिसांचं जॅकेट, सगळी वरून खाली ०.०२६ कडे सरकायला बघतात आणि त्याच्या अलीकडेच थांबतात.

त्या आकड्याच्या खाली जायचं तर हवा नुसती थांबवून भागत नाही. ती फार बारीक खोल्यांत कोंडावी लागते. हवेतून उष्णता पुढे जाते ती रेणू एकमेकांवर आदळल्यामुळे: तापलेला रेणू शेजारच्याला धक्का देतो, तो पुढच्याला. नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरी ७० नॅनोमीटर जातो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७०,००० नॅनोमीटर धरली तर हे अंतर तिच्या हजाराव्या भागाएवढं. आता कोंडलेल्या हवेची खोलीच ७० नॅनोमीटरपेक्षा लहान केली, तर रेणूला दुसरा रेणू भेटायच्या आत भिंत लागते. धक्क्यांची साखळी तुटते आणि कोंडलेली हवा मोकळ्या हवेपेक्षाही कमी उष्णता पुढे देते. सिलिकाचं (वाळूतला मुख्य पदार्थ) चांगलं एरोजेल ०.०१३ ते ०.०२० पर्यंत उतरतं ते यामुळेच.

एरोजेल म्हणजे जेलमधलं द्रव काढून घेऊन त्याच्या जागी हवा भरलेला सांगाडा. अमेरिकेतल्या सॅम्युअल किस्लर यांनी १९३१ मध्ये तो पहिल्यांदा बनवून दाखवला. त्याचा ९० ते ९९ टक्क्यांहून जास्त भाग पोकळी असते. सांगली-साताऱ्याच्या वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागातल्या डॉ. ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं सिलिका एरोजेलवर काम केलं. पाणी न शोषणारं एरोजेल आणि मिथाइलट्रायमेथॉक्सीसिलेन या रसायनापासून बनवलेलं लवचीक एरोजेल, जे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं, या दोन्हींसाठी हा गट जगभरच्या संशोधकांना माहीत आहे. इचलकरंजी आणि विट्याच्या मागांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर इतकं ज्ञान तयार झालेलं आहे, ही गोष्ट अभिमानाची आहे आणि उपयोगाचीही.

तरीही एरोजेलचा ठोकळा अंगावर घालता येत नाही. सिलिकाचं एरोजेल ठिसूळ, वाकवलं की तडकतं आणि पांढरी भुकटी सोडतं. ती भुकटी हाताला लागली की कातडी कोरडी पडते, नाकात गेली की त्रास देते. ‘एरोजेल’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जॅकेटांत हीच भुकटी अस्तराच्या गादीत किंवा फोममध्ये मिसळलेली असते. तो धागा नव्हे. धागा बनवायचा म्हणजे जेललाच धाग्याच्या आकारात बाहेर काढायचं, मग सुकवायचं, आणि हे करताना आतली पोकळी मिटू द्यायची नाही.

जेलचा धागा कसा निघतो

कच्चा माल बरेच काही असू शकतो: सिलिका, ग्राफीन (कार्बनचा अतिपातळ थर), केवलार (बुलेटप्रूफ जाकिटातला दणकट तंतू), कोळंबीच्या कवचातून मिळणारा कायटोसान, रेशमातलं प्रथिन, कापसातला किंवा बगॅसमधला (उसाच्या चिपाडातला) सेल्युलोज. आपल्या भागाला जवळचा म्हणून सेल्युलोजचं उदाहरण घेऊ.

वजनानं ७ भाग कॉस्टिक सोडा, १२ भाग युरिया आणि ८१ भाग पाणी असं द्रावण करायचं, ते उणे १२ अंशांपर्यंत थंड करायचं आणि त्यात ४ ते ५ टक्के शुद्ध सेल्युलोज टाकून जोरात ढवळायचं. काही मिनिटांत तो विरघळतो. चीनमधल्या वुहान विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धत स्वस्त आहे आणि महागडा सॉल्व्हंट लागत नाही. पण तिचे नखरे आहेत. फार लांब साखळ्यांचा सेल्युलोज पूर्ण विरघळत नाही, फुगून गाठी धरतो. बगॅस वापरायचा तर त्यातलं लिग्निन (तंतूंना एकत्र चिकटवणारा पदार्थ) आधी काढून, ब्लीच करून लगदा स्वच्छ करावा लागतो. नाहीतर न विरघळलेले कण सुईत अडकतात. तयार द्रावण थंडच ठेवायला हवं. सांगलीच्या एप्रिलमध्ये टेबलावर राहिलं तर ते सिरिंजमध्येच जेल होऊन बसेल. शिवाय भांडं उघडं राहिलं तर कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि कार्बोनेट तयार होतं. पुढे आम्लाच्या बाथमध्ये गेल्यावर या कार्बोनेटमधून वायू सुटतो, धाग्यात बुडबुडे पडतात आणि सुकल्यावर धागा नेमका तिथेच तुटतो. धागा ठरावीक अंतरांवर का तुटतोय याचा शोध घेताना लोक सुई बदलतात, पंप बदलतात. भांड्याचं झाकण मात्र कुणी पाहत नाही.

पुढची पायरी कापड उद्योगाला जुनी आहे: वेट स्पिनिंग. द्रावणातली हवा काढून टाकायची, अर्ध्या मिलिमीटर भोकाच्या सुईतून ते सौम्य सल्फ्युरिक आम्लाच्या बाथमध्ये सोडायचं. कॉस्टिक निष्प्रभ होतं, सेल्युलोज पुन्हा एकत्र येतो आणि पाण्यानं भरलेला मऊ धागा तयार होतो. आम्ल फार कडक झालं तर बाहेरची साल झटकन घट्ट होते आणि आतला भाग ओला राहतो. असा धागा पुढे चपटा होतो. आम्ल फार सौम्य असेल तर धागा स्वतःच्या वजनानंच ओघळतो. धागा ओढून घेणाऱ्या रिळाचा वेग सुईतून येणाऱ्या वेगापेक्षा किंचित जास्त ठेवला की साखळ्या लांबीच्या दिशेनं लागतात आणि ताकद वाढते. हा वेग फार वाढवला तर ओलाच धागा तुटतो. मग भरपूर धुणं. धुण्याच्या पाण्याची विद्युतवाहकता साध्या पाण्याइतकी खाली येईपर्यंत थांबू नये, कारण मीठ आत राहिलं तर सुकताना त्याचे स्फटिक भिंती फोडतात.

सगळं सुकवण्यावर अडतं

धागा बाथमधून निघाला तेव्हा त्यात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी आहे. उन्हात टाकला तर दोन तासांत कडक, बारीक, चकचकीत तार हाती येते. पोकळी संपलेली असते. कृष्णाकाठची काळी माती पाणी आटलं की जशी आवळते आणि भेगाळते, तसंच इथे होतं. कारणही एकच: पाणी मागे सरकताना त्याचा पृष्ठताण दोन्ही बाजूंच्या भिंतींना आत ओढतो.

ही ओढ किती असते? छिद्राची त्रिज्या १० नॅनोमीटर धरली, तर पाण्याच्या पृष्ठताणातून येणारा दाब सुमारे १४ मेगापास्कल होतो. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ १४० पट. छिद्र जितकं लहान, ओढ तितकी मोठी. ज्या बारीकपणामुळे एरोजेल उष्णता अडवतं, तोच बारीकपणा सुकताना त्याचा गळा आवळतो. पाण्याऐवजी इथेनॉल भरलं तर ओढ तिसऱ्या हिश्श्यावर येते. तरीही मऊ सेल्युलोजला ती झेपत नाही.

आवळण्याची किंमत हिशेबानं पाहू. सुरुवातीला घन भाग १० टक्के आणि पोकळी ९० टक्के आहे. सुकताना लांबी तेवढीच राहिली आणि व्यास फक्त अर्धा झाला, तर आकारमान चौथाईवर येतं. घन भाग ४० टक्के होतो, पोकळी ६० वर घसरते. लांबीही अर्धी झाली तर पोकळी उरते २० टक्के. त्याला एरोजेल म्हणण्यात अर्थ नाही.

यातून सुटण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे द्रवाचा पृष्ठच नाहीसा करणं. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि ७४ बारच्या वर गेला की तो द्रवही राहत नाही आणि वायूही होत नाही. दोघांच्या मधली सीमा मिटते आणि सीमेबरोबर पृष्ठताणही. रीत अशी: धाग्यातलं पाणी आधी इथेनॉलनं बदलायचं, मग इथेनॉल द्रवरूप कार्बन डायऑक्साइडनं धुऊन काढायचं, मग साधारण ४० अंश आणि १०० बारवर ठेवून दाब हळूहळू सोडायचा.

चुका इथेच होतात. पाण्यातून थेट शुद्ध इथेनॉलमध्ये टाकलं तर धागा एकदम आक्रसतो. म्हणून २५, ५०, ७५ आणि शेवटी १०० टक्के अशा पायऱ्या, आणि शेवटची पायरी ताज्या इथेनॉलमध्ये दोनदा. पाणी कार्बन डायऑक्साइडमध्ये नीट मिसळत नाही. थोडंसं आत राहिलं तरी तेवढ्या जागी छिद्रं मिटतात आणि धाग्यावर पारदर्शक, कडक ठिपके दिसतात. शेवटच्या इथेनॉलमध्ये पाणी उरलंय का हे पाहायची सोपी युक्ती तासगावच्या द्राक्षबागायतदाराला सहज कळेल: निळा मोरचूद तापवून पांढरा करायचा आणि चिमूटभर त्यात टाकायचा. निळा झाला तर पाणी आहे, आणखी एक धुणं द्यायचं. दाब सोडताना घाई केली तर वायू प्रसरण पावून थंड होतो. तापमान ३१ च्या खाली गेलं की त्याचं पुन्हा द्रव बनतं आणि टाळलेला पृष्ठताण परत हजर होतो. म्हणून दाब उतरताना पात्राला उष्णता देत राहावं लागतं.

धाग्याच्या बाजूनं एक मोठी जमेची गोष्ट आहे. द्रव बदलायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो. २ सेंटिमीटर जाड ठोकळ्याच्या मधोमध इथेनॉल पोचायला एक दिवसाहून जास्त लागतो. अर्धा मिलिमीटर धाग्याला तेच काम एक-दोन मिनिटांचं. एरोजेलच्या उद्योगात वेळ हा सर्वांत महाग कच्चा माल आहे, आणि धाग्याचा आकार तो खर्च जवळजवळ पुसून टाकतो. अडतं ते दाबाच्या पात्रापाशी. पात्र बंद करायचं, भरायचं, उघडायचं, म्हणजे काम सलग न होता एकेक घाणा काढावा तसं होतं. सूतरंगाईत जसे भोकं असलेले कोन वापरून रंग आरपार फिरवतात, तशाच कोनांवर सैल गुंडाळून धागा पात्रात ठेवता येतो. घट्ट गुंडाळला तर आतले वेढे एकमेकांना चिकटून निघतात.

दुसरा मार्ग गोठवून सुकवण्याचा. द्रावणाचा धागा थंड तांब्याच्या कड्यातून जाऊ द्यायचा, आत बर्फाचे स्फटिक वाढतात, घन पदार्थ त्यांच्या मधल्या फटीत ढकलला जातो, मग निर्वातात बर्फाची थेट वाफ करायची. दाबाचं पात्र लागत नाही. पण बर्फाचे स्फटिक मोठे असतात आणि त्यांच्या जागी उरणारी छिद्रं काही मायक्रोमीटरपासून कित्येक दहा मायक्रोमीटरपर्यंतची (एक मायक्रोमीटर म्हणजे १,००० नॅनोमीटर), म्हणजे ७० नॅनोमीटरच्या शेकडो पट मोठी. असा धागा हलका आणि चांगला उबदार असतो, पण थांबलेल्या हवेच्या खाली जात नाही. दोन्ही प्रकारांना बाजारात ‘एरोजेल’च म्हणतात, त्यामुळे विकत घेणाऱ्यानं छिद्रांचा आकार विचारलाच पाहिजे.

मागावर उभा राहील का?

विट्याच्या यंत्रमागवाल्याचा पहिला प्रश्न हाच असेल, आणि तो रास्त आहे. हिशेब करू. अर्धा मिलिमीटर व्यासाचा, ९० टक्के पोकळीचा सेल्युलोज धागा घनतेनं ०.१५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर भरतो. एक किलोमीटर धाग्याचं वजन साडेएकोणतीस ग्रॅम, म्हणजे २० काउंट सुताएवढं (काउंट हा सुताच्या बारीकपणाचा आकडा, जितका मोठा तितकं सूत बारीक). २० काउंटचं सूत मात्र सुमारे ०.२ मिलिमीटर जाड असतं. वजन तेच, जाडी अडीच पट.

आता ताकद. २० काउंटचं चांगलं सूत तुटायला चारशे-साडेचारशे ग्रॅम भार लागतो. एरोजेल धाग्याची ताण सोसायची ताकद १ मेगापास्कल धरली तर तो २० ग्रॅमला तुटतो, ५ मेगापास्कल असली तर १०० ग्रॅमला. ताणा (कापडातले उभे धागे) बीमवरून निघून वही-फणीतून जाताना जो ताण सोसतो आणि फणीचा ठोका मिनिटाला दीडशेच्या आसपास जसा घासतो, त्यात असा धागा टिकणार नाही. सायझिंग करून, म्हणजे खळ चढवून, ताकद द्यावी म्हटलं तर खळीचं पाणी छिद्रांत शिरेल, आणि सुकताना पुन्हा तीच आवळण्याची गोष्ट.

एक उपाय म्हणजे मुळातच दणकट पदार्थ घेणं. चीनमधल्या सुझोऊच्या नॅनोतंत्र संस्थेतल्या गटानं २०१९ मध्ये केवलारचे नॅनोतंतू वापरून एरोजेल धागा केला. ९८ टक्के पोकळी, उष्णतावाहकता ०.०२७, आणि उणे १९६ ते ३०० अंशांपर्यंत टिकणारा. यासाठी केवलार डायमिथाइल सल्फॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवावा लागतो. तिथे खर्च वाढतो.

दुसरा उपाय ध्रुवीय अस्वलाच्या केसावरून सुचला: आत सच्छिद्र गाभा, बाहेर घट्ट कवच. चीनच्या जेजियांग विद्यापीठातल्या गटानं २०२३ च्या अखेरीस ‘सायन्स’मध्ये असा धागा मांडला. गाभा गोठवून कातलेल्या कायटोसानचा, वर पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकचं पातळ कवच. आतली पोकळी ९० टक्क्यांहून जास्त, तरी धागा मूळ लांबीच्या दहा पटींनी ताणला जातो. जुने एरोजेल धागे २ टक्क्यांवरच तुटत. दुप्पट लांबीपर्यंत १०,००० वेळा ताणूनही त्याची ऊब टिकली. तो धुता येतो, रंगवता येतो, आणि त्याच्या विणलेल्या स्वेटरनं पिसांच्या जाकिटाच्या पाचव्या हिश्श्याच्या जाडीत तेवढीच ऊब दिली. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात झालेलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे, कारण प्रश्न गाभ्यावर सोडवण्याचा हट्ट त्यानं सोडला.

पण कवच फुकट येत नाही. अर्धा मिलिमीटर गाभ्यावर २० मायक्रोमीटरचं कवच चढवलं, तर त्या कवचाचं वजन किलोमीटरला ३९ ग्रॅम होतं, गाभ्यापेक्षा जास्त. धागा २० काउंटवरून साडेआठ काउंटच्या आसपास जातो. उष्णतेलाही गाभ्याला वळसा घालून कवचातून जायची वाट मिळते. त्यामुळे कवच शक्य तितकं पातळ हवं, आणि फार पातळ केलं की सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात, त्यातून धुताना साबणाचं पाणी आत शिरतं. साध्या पाण्याला दूर ठेवणारा गाभासुद्धा साबणाच्या पाण्यापुढे हरतो. शिवाय लवचीकपणा विणकामाच्या मशीनवर वरदान असला तरी ताण्यावर अडचण आहे: मागाच्या ताणानं धागा लांबतो, कापड उतरवलं की आखडतं, आणि रुंदी-लांबीचा हिशेब चुकतो.

‘स्मार्ट’ म्हणजे नेमकं काय

अडवण्याची ताकद एकदा ठरली की कापड बदलत नाही. शरीर मात्र बदलतं. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, खांद्यावर पोती वाहताना तीनशेच्या वर. तेच कपडे बसल्यावर बरे वाटतात आणि काम करताना उकडतात. तापमान सांभाळणारं ‘स्मार्ट’ कापड म्हणजे या चढउताराला काहीतरी उत्तर देणारं कापड.

सर्वांत प्रचलित उत्तर फेज चेंज पदार्थाचं. ऑक्टाडेकेन हे मेण २८ अंशांच्या आसपास वितळतं आणि वितळताना दर ग्रॅमला सुमारे २४० जूल शोषतं. थंड झालं की गोठताना तेवढीच परत देतं. एरोजेल धाग्याची छिद्रं हे मेण केशाकर्षणानं ओढून घेतात आणि वितळल्यावरही गळू देत नाहीत. ऐकायला सुरेख. आता आकडे: ५०० ग्रॅमच्या कपड्यात १०० ग्रॅम मेण असेल तर ते २४ किलोजूल शोषेल. शरीरातून ५० वॅट जादा येत असतील तर हे पुरतं आठ मिनिटं. मेण ३०० ग्रॅमपर्यंत नेलं तर चोवीस मिनिटं.

आणि मेण भरलं की पोकळी गेली. मेणाची उष्णतावाहकता हवेच्या पाच-सहा पटींहून जास्त असते, म्हणजे ज्यासाठी एवढं सुकवण्याचं दिव्य केलं तो गुणच संपला. एकाच छिद्राला अडवणं आणि साठवणं ही दोन्ही कामं सांगता येत नाहीत. अशा धाग्याच्या जाहिरातीत दोन्ही गुण एका दमात सांगितलेले दिसले, तर ते एकाच धाग्यात मोजले आहेत का हे विचारावं. योग्य रचना दोन थरांची असते: बाहेर रिकाम्या छिद्रांचा धागा, आत अंगाजवळ मेण भरलेला.

सांगलीच्या हवेत आणखी एक अडचण येते. एप्रिल-मेमध्ये ३८-४० अंश असताना ऑक्टाडेकेन खुंटीवर टांगलेल्या कपड्यातच वितळून गेलेलं असतं. अंगात घालेपर्यंत त्याची शोषायची ताकद संपलेली. उन्हाळ्यासाठी हा कपडा आधी गार पाण्यात किंवा फ्रिजमध्ये गोठवून घ्यावा लागेल, तोही काही मिनिटांच्या उपयोगासाठी. त्यापेक्षा घाम मोठा गडी आहे. एक ग्रॅम घामाची वाफ होताना जवळपास २,४०० जूल उष्णता जाते, मेणाच्या दहा पट. घामाची वाफ अडवणारा कोणताही कपडा, मग तो कितीही स्मार्ट असो, उन्हात तोट्याचाच. म्हणून या धाग्यांचं कापड तपासताना उष्णतेच्या अडथळ्याबरोबर वाफेचा अडथळाही मोजून मागावा. आयएसओ ११०९२ या प्रमाणित चाचणीत तापवलेल्या ओल्या प्लेटवर दोन्ही मोजले जातात.

कवचावर चांदीचा किंवा कार्बनचा थर देऊन विजेनं तापवायचा मार्गही आहे. १० वॅटच्या पट्टीला १०,००० मिलिअँपिअरची पॉवर बँक जेमतेम तीन तास पुरते, पण बाहेरून एरोजेलचा थर असेल तर कमी वॅटमध्ये भागतं. घामानं फुगून आपोआप फटी उघडणारी कापडंही तयार होत आहेत. ती एरोजेलवर अवलंबून नाहीत.

मग आपल्याकडे हे कुणाला खरोखर उपयोगी? बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमधल्या हमालांना. तासगाव-सांगलीच्या गोदामांत आत थंडी आणि बाहेर अंगणात ऊन, दिवसभर ये-जा. आत गेल्यावर मेण गोठतं आणि ऊब देतं, बाहेर आल्यावर वितळतं आणि उष्णता शोषतं. दर फेरीला ते पुन्हा तयार होतं, म्हणून आठ मिनिटांची मर्यादा इथे आडवी येत नाही. आजवर या पदार्थाला इतकं बेतशीर काम क्वचितच मिळालं असेल, आणि त्या हमालांना आज जे जुनं स्वेटर मिळतं त्यापेक्षा चांगलं काही मिळायला हवं. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर देशभर सोनं वितळवतात. त्यांच्या हातमोज्यांसाठी केवलार किंवा सिलिकाचा धागा योग्य, पॉलियुरेथेनच्या कवचाचा नक्कीच नको, तो भट्टीजवळ वितळेल. तिथे उष्णता किरणांनीही येते आणि नुसतं सिलिका एरोजेल त्यातले काही किरण आरपार जाऊ देतं. म्हणून जेल बनवतानाच त्यात काजळी किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची पूड मिसळतात. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्यालाही पातळ, उबदार कपडा हवा, पण त्याचं अंग दवानं आणि पाटाच्या पाण्यानं भिजतं. त्याच्यासाठी कवचाला भोक नसणं सगळ्यात महत्त्वाचं.

ऊब किती वाढेल याबद्दल अपेक्षा मोजून ठेवाव्यात. ३ मिलिमीटर कापडाची वाहकता ०.०५ वरून ०.०३ वर आणली तर त्याचा अडथळा (जाडी भागिले वाहकता) ०.०६ वरून ०.१० होतो. पण कपड्याबाहेर अंगाला चिकटून राहणारा हवेचा थरही सुमारे ०.११ चा अडथळा देतच असतो. बेरीज ०.१७ वरून ०.२१ वर जाते, म्हणजे अंगातून जाणारी उष्णता सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी होते. वारा सुटला की तो बाहेरचा थर उडतो आणि तेव्हा एरोजेलचा फरक जास्त जाणवतो.

शिवताना कापलेली टोकं उघडी पडतात आणि सुई कवचाला भोकं पाडते. कडा अल्ट्रासोनिक पद्धतीनं किंवा गरम चिकटपट्टीनं बंद कराव्यात, टाके मोठे आणि कमी ठेवावेत, आणि गरम इस्त्री फिरवू नये.

हा धागा मिळवून मागावर पाहायचाच असेल तर ताण्याला हात लावू नका. ताणा नेहमीचा दुहेरी ४० काउंट सुती ठेवा, डॉबी (वह्या ठरावीक क्रमानं उचलणारी यंत्रणा) असलेल्या मागावर दुपदरी कापड लावा आणि एरोजेलचा धागा दोन पदरांच्या मध्ये भरणीचा बाणा (आडवा धागा) म्हणून सोडा. तो कुठल्याही ताण्याखाली-वर जात नाही, सरळ पडून राहतो. ओढ आणि घासणं सुतावर जातं. कांडी भरून धोट्यातून सोडू नका, वळणावर तो चेपतो. रॅपिअर (बाणा पकडीनं ओढून नेणारा माग) असेल तर कोनावरून थेट द्या आणि पकडीत चेपलेलं टोक किनारीबाहेर राहील असं बघा. इंचाला वीसपेक्षा जास्त भरणी नको. पहिलं वीतभर कापड उतरलं की मधला धागा हलक्या हातानं ओढून काढा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा व्यास आडवा-उभा दोन्हीकडून मोजा. अर्धा मिलिमीटर गोल धागा ०.५ बाय ०.३ असा चपटा निघाला, तर फणीचा ठोका पोकळी खातोय. इंचाला चार भरण्या कमी करून पुन्हा मोजा.